मी आंबा खाल्ली

मे महिन्यातली दुपार होती. भिलाईच्या स्मृति नगरात मावशीच्या घरी कूलर घरघरत होता, आणि तिची सहा वर्षांची नात जमिनीवर पसरलेल्या वर्तमानपत्रावर बसून बैंगनपल्ली आंबा संपवत होती. हनुवटीपासून कोपरापर्यंत रस ओघळलेला.

"किती आंबे खाल्लेस गं?" मी विचारलं.

"मी एकच आंबा खाल्ली."

"खाल्ली नाही, खाल्ला," मावशी स्वयंपाकघरातून म्हणाली.

"पण आजी, मी मुलगी आहे ना!"

"तू मुलगी आहेस, पण आंबा मुलगा आहे."

नात कोय चोखत थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मघाशी मी 'मी जेवली' म्हटलं, तेव्हा तू काहीच बोलली नाहीस."

मावशीचं माहेर भंडाऱ्याकडचं, त्यामुळे 'जेवले'च्या जागी 'जेवली' त्या घरात चालतं. अडचण ती नव्हतीच. जेवताना क्रियापदानं मुलीकडे बघायचं आणि आंबा खाताना आंब्याकडे, असं का? पोट एकच, हात तेच. मावशीनं माझ्याकडे पाहिलं, कारण घरात मराठी लिहून पोट भरणारा मीच. मी आंब्याची दुसरी फोड उचलली.

शाळेच्या वहीत याची सोय करून ठेवलेली असते. माणूस, ठिकाण, वस्तू म्हणजे नाम. क्रिया दाखवतं ते क्रियापद. ही व्याख्या परीक्षेत मार्क देते आणि परीक्षेबाहेर लगेच गळपटते. 'धावपळ' या शब्दात केवढी क्रिया आहे, पण ते नाम. 'आहे' या शब्दात कुणी बोटसुद्धा हलवत नाही, पण ते क्रियापद. 'स्फोट' नाम, 'असणं' क्रियापद. तेव्हा शब्दाच्या अर्थात डोकावून त्याची जात कळत नाही. ती कळते शब्द वाक्यात कसा वागतो त्यावरून.

माझं आवडतं उदाहरण बँकेतलं आहे. मावशीचे यजमान भिलाईच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा घरात जो तो त्यांना सांगत होता, बँकेत ठेव ठेव. दोन शब्द, अक्षराचाही फरक नाही, आणि तरी ऐकणाऱ्याचा एक क्षणही गोंधळ होत नाही. पहिली 'ठेव' नाम आहे. तिला विभक्ती लावून बघा, ती लगेच वाकते: ठेवीवर व्याज, ठेवीची पावती. दुसरं 'ठेव' काळाला वाकतं: ठेवलं, ठेवतो, ठेवीन. अदलाबदल करायला गेलात तर जीभच अडते. नामाला काळ चिकटत नाही, क्रियापदाला 'वर', 'खाली', 'साठी' थेट चिकटत नाहीत. त्यासाठी त्याला आधी 'ठेवणं' व्हावं लागतं, म्हणजे नामाचा सदरा अंगात घालावा लागतो: ठेवण्यासाठी, ठेवण्यावर. कोणतंही व्याकरण न शिकलेली सहा वर्षांची मुलगी हे सगळं बिनचूक करते. तिचं अडलं ते फक्त आंब्यापाशी.

रात्री गच्चीवर पडल्यापडल्या मी तेच वाक्य काळ बदलून म्हणून पाहिलं, आणि खरं सांगतो, उठून बसलो.

मी आंबा खाते, असं बाई म्हणते. पुरुष म्हणतो, खातो. म्हणजे वर्तमानकाळात क्रियापदाची नजर खाणाऱ्यावर आहे. मी आंबा खाल्ला, हे बाईनं म्हटलं काय आणि पुरुषानं म्हटलं काय, 'खाल्ला'च. नजर आंब्यावर गेली. आंब्याच्या जागी कैरी आणा, 'खाल्ली'. लोणचं आणा, 'खाल्लं'. आणि मी आंबा खाईन? इथे बाई, पुरुष, आंबा, कैरी, लोणचं, कुणाचाच मागमूस नाही. बोलणारा कुणी असो, खायचं काही असो, 'खाईन' ढिम्म हलत नाही. एकच क्रियापद आज खाणाऱ्याकडे बघतं, काल खाल्लेल्याकडे बघत होतं आणि उद्या कुणाकडेच बघणार नाही. इतकी वर्षं हे वाक्य रोज बोलतोय आणि ही गंमत कधी डोळ्यांत भरली नव्हती.

याचं कारण शोधायला गेलं की पाऊल थेट संस्कृतात पडतं. पाणिनीनं शब्दांची मुख्य वाटणी दोनच ढिगांत केली: सुबन्त आणि तिङन्त. सुबन्त म्हणजे ज्याला विभक्तीचे प्रत्यय लागतात ते. नामं, सर्वनामं, विशेषणं सगळी त्यात. तिङन्त म्हणजे काळ आणि पुरुष दाखवणारे प्रत्यय ज्याला लागतात ते, अस्सल क्रियापद. यातलं मर्म असं की लिंग हा सुबन्तांचा गुण आहे. तिङन्ताला लिंग नसतं. 'गच्छति' म्हणजे तो जातो, ती जाते आणि ते जातं. तिघांना एकच रूप पुरतं.

संस्कृतात भूतकाळाची अस्सल क्रियापदरूपंही होती, एक सोडून तीन प्रकारची. पण बोलणाऱ्यांना हळूहळू त्यांचा कंटाळा आला असावा. त्यांनी कृदन्तांवर भागवायला सुरुवात केली. कृदन्त म्हणजे धातूपासून बनवलेलं विशेषण: गत म्हणजे गेलेला, खादित म्हणजे खाल्लेला. 'मी आंबा खाल्ला' असं म्हणण्याऐवजी ते 'माझ्याकडून आंबा खाल्लेला' असं म्हणू लागले. विशेषण ज्याचं, लिंग त्याचं. खाल्लेला कोण? आंबा. मग आंब्याचंच लिंग लागणार. प्राकृतात या कृदन्ताला 'इल्ल' अशी एक शेपटी जोडली गेली, तीच आपल्या गेला, केला, खाल्ला यांतला 'ल'. हाच 'ल' बंगालीत आहे, ओडियात आहे, कोकणीत आहे, आणि बस्तरमधल्या हलबीतही आहे.

म्हणजे आपला भूतकाळ हा क्रियापदाच्या जागी येऊन बसलेला विशेषणांचा जमाव आहे. 'मी' हा शब्द त्या वाक्यात कर्ता दिसतो, पण मुळात तो 'माझ्याकडून' होता. जुन्या मराठीत त्यासाठी 'म्यां' असं वेगळं रूपच होतं. ते झिजलं आणि 'मी'त मिसळलं. 'त्याने आंबा खाल्ला' म्हणताना 'ने'च्या रूपात ही जुनी खूण अजून दिसते.

वर्तमानकाळाचंही तसंच. 'खाता खाता' मधला 'खात' हे कृदन्त. त्यातून खातो, खाते. इथे विशेषण खाणाऱ्याचं, म्हणून लिंग खाणाऱ्याचं. उरला भविष्यकाळ. 'खाईन', 'खाईल' यांच्या पोटात 'खाई' आहे. लहानपणी तो रोज पेरू खाई, ती रोज पेरू खाई, यातला तोच 'खाई', आणि तो सरळ संस्कृत 'खादति'चा वंशज. अस्सल तिङन्त. म्हणून त्याला लिंग नाही. मराठी क्रियापदाला जिथे जिथे लिंग दिसेल, तिथे तिथे आत एक नामाच्या जातीचा शब्द दडून बसलेला असतो. 'आंबा खावा, कैरी खावी' हेही ताडून पाहा. 'खावा'च्या मागे 'खादितव्य' हे कृदन्त उभं आहे. आणि 'खा!' या आज्ञेला लिंग नाही.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली निघालं आणि मोरो केशव दामले यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली. कर्तरी, कर्मणी, भावे हे प्रयोग आपण शाळेत घोकले ते या परंपरेतून. तेव्हा मला ते छळ वाटायचे. आता वाटतं, क्रियापद कुणाकडे बघतंय याचाच तो पंचनामा आहे: कर्त्याकडे, कर्माकडे की कुणाकडेच नाही. भावे प्रयोग तर मजेदारच. 'आईनं मुलीला बोलावलं' यात आई स्त्रीलिंगी, मुलगी स्त्रीलिंगी, आणि क्रियापद मात्र नपुंसकलिंगी. आईला 'नं' लागला, मुलीला 'ला' लागला, दोघींनी दारं लावून घेतली. क्रियापद अंगणात एकटं उभं राहिलं.

जेवण्याचं कोडं यात निम्मं सुटतं. 'जेवणं' कर्म मागत नाही, तेव्हा विशेषण लागायला जेवणाराच शिल्लक राहतो: जेवलेली मुलगी. पण 'मी चहा प्यायले', 'मी मराठी शिकले', 'मी छत्री विसरले' यांत कर्म समोर असूनही क्रियापद बाईकडेच बघतं. व्याकरणकारांनी अशा क्रियापदांच्या याद्या केल्या आहेत. माझा तर्क असा की या सगळ्या क्रियांत करणाऱ्याच्या आतच काहीतरी होतं. चहा पोटात जातो, मराठी डोक्यात जाते, छत्री डोक्यातून जाते. पण मग आंबाही पोटातच जातो की. हा तर्क मी नातीला सांगितलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी घासायला बाई आल्या. त्या छत्तीसगढी बोलतात, आणि नातही त्यांच्याशी छत्तीसगढीच बोलते.

"का नोनी, आमा खाये?"

"हव, खायेंव."

मी कान टवकारले. 'खायेंव' म्हणजे मी खाल्लं, बस्स. मुलगी म्हणो, मुलगा म्हणो, आंबा असो की कैरी, 'खायेंव'च. छत्तीसगढीत क्रियापद पुरुष बघतं, लिंग बघत नाही. मैं खायेंव, तैं खाये. नोनी हर खाइस, बाबू हर खाइस. वर्तमानातही नोनी जाथे, बाबू जाथे. कृदन्तांचा तोच वारसा या भाषेकडेही आहे, पण तिनं त्यातलं लिंग झटकून टाकलं आणि माणसागणिक वेगळे प्रत्यय जोडून त्याला पुन्हा क्रियापद करून घेतलं. मराठीत आजीकडून दटावली गेलेली पोर मोरीपाशी उभी राहून तेच वाक्य एकही चूक न करता बोलली.

आणि मग पुढचा धक्का. बाई म्हणाल्या, "मोला घर जाना हे." मोला, तोला. आपलं मला, तुला. हिंदीत 'को' म्हणतात, आणि हिंदीच्या पलीकडे राहणारी ही भाषा मराठीसारखाच 'ला' वापरते. या 'ला'च्या उगमाबद्दल पंडित भांडोत. माझ्या कानाला मात्र मोरीपाशी उभं राहून माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

या भाषेचं व्याकरण लिहिणारे हीरालाल काव्योपाध्याय इथून दक्षिणेला असलेल्या धमतरीचे. त्यांनी ते १८८५ साली पुरं केलं, आणि जॉर्ज ग्रियर्सन यांनी इंग्रजीत आणून १८९० साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापलं. कामताप्रसाद गुरूंचं गाजलेलं हिंदी व्याकरण १९२० चं. म्हणजे ज्या बोलीला लोक 'गावंढळ हिंदी' म्हणून मोडीत काढतात, तिचं व्याकरण त्याच्याही पस्तीस वर्षं आधी लिहून तयार होतं.

भिलाई हे शब्दांची ये-जा पाहायला फार बरं गाव आहे. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली, आणि देशभरातून माणसं आली. प्रत्येकानं आपापली भाषा ट्रंकेत घालून आणली. सत्तर वर्षांत त्या ट्रंकांतून काय काय इकडून तिकडे गेलं हे ऐकायचं तर मावशीच्या यजमानांना कारखान्याबद्दल बोलतं करावं. "नाइट शिफ्टला क्रेन ट्रिप झाली, तर मी ड्यूटी ऑफिसरला फोन केला, मेंटेनन्सचा स्टाफ आला." यात मराठी किती? 'मी', 'तर', प्रत्यय, आणि झाली, केला, आला. तरी कुणीही म्हणेल की माणूस मराठीत बोलतोय. 'ट्रिप' हे इंग्रजीत चांगलं चालतं-बोलतं क्रियापद आहे. मराठीच्या दारात ते लाकडासारखं ताठ झालं आणि काळ, लिंग, वचन सगळं उचलायला 'झाली'ला पुढे यावं लागलं. डिलीट करणं, चार्ज करणं, सेव्ह करणं यांतही 'करणं' हाच हमाल.

नामांना असा हमाल लागत नाही. ती येतात, कोणत्या तरी लिंगाच्या खोलीत त्यांची सोय लावली जाते आणि ती घरचीच होतात. पोर्तुगीजांकडून आपण चावी घेतली, घमेलं घेतलं, बटाटा घेतला. एक स्त्रीलिंगी, एक नपुंसकलिंगी, एक पुल्लिंगी. त्यांच्याकडून घेतलेलं रोजच्या वापरातलं क्रियापद आठवायला बसलो तर एकही हाती लागत नाही. उलट 'पगार' पाहा. पोर्तुगीजमध्ये तो शब्द म्हणजे 'पैसे देणं', क्रियापद. आपल्याकडे येऊन त्याचं नाम झालं, महिनाअखेरीला वाट बघायचं. फारसी-अरबीच्या शेजारात कित्येक शतकं काढून नामं खोऱ्यानं आली, क्रियापदं मोजकी. आणि 'बदलणं', 'खर्चणं' अशी जी दिसतात, तीही आपणच नामाला 'णं' लावून घरी घडवलेली.

घर बदललं की नामाचं लिंगही बदलतं, आणि सीमेवरच्या मुलांची खरी तारांबळ तिथे उडते. मराठीत चहा झाला, हिंदीत चाय झाली. मराठीत पुस्तक ते, हिंदीत ती. मराठीत मजा आली, हिंदीत मजा आला. आवाज आपल्याकडे आला, त्यांच्याकडे आली. वस्तूत तसूभर फरक नाही, फक्त दोन भाषांनी तिला वेगवेगळ्या रांगेत बसवलंय, आणि नपुंसकलिंगाची तिसरी रांग हिंदीनं केव्हाच उचलून टाकली आहे. मावशीची नात 'मला मजा आला' म्हणते तेव्हा शब्द सगळे मराठीच असतात. हिंदी येते ती फक्त एका काना-वेलांटीपुरती.

दुर्गच्या पलीकडे, राजनांदगावच्या कॉलेजात १९५८ पासून गजानन माधव मुक्तिबोध शिकवत होते. घरची भाषा मराठी, कविता हिंदीत. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहीत. दोघांच्या शब्दसंग्रहात संस्कृत नामांचा साठा बहुतेक सामाईक असणार. एकाच घरातल्या दोन भावांची क्रियापदं मात्र वेगळी झाली.

पण नाम आणि क्रियापद ही भिंत खरंच किती पक्की आहे? झारखंडकडच्या मुंडारी भाषेचं व्याकरण लिहिताना योहान हॉफमन या पाद्र्याला १९०३ साली वाटलं की तिथे ही भिंत जवळपास नाहीच. एकच शब्द हवा तसा बसतो. 'बुरू' म्हणजे डोंगर, आणि क्रियापदाच्या जागी ठेवला की ढीग घालणं. एक शतक उलटल्यावर, २००५ साली, निकोलस इव्हान्स आणि तोशिकी ओसादा यांनी ते मत खोडून काढलं: जागा बदलली की अर्थ नुसता नियमानं बदलत नाही, प्रत्येक शब्दागणिक वेगळा वळतो, म्हणजे भिंत आहेच, फक्त दारं पुष्कळ आहेत. सगळ्यांना ते पटलेलं नाही. मेंदूला मात्र हा फरक कळतो असं दिसतं. १९९१ साली 'नेचर'मध्ये अल्फोन्सो कारामाझ्झा आणि आर्गी हिलिस यांनी मेंदूला इजा झालेल्या दोन रुग्णांबद्दल लिहिलं. एकाला क्रियापदं बोलताना अडचण यायची, दुसऱ्याला लिहिताना; नामांचं त्या मानानं बरं चाललेलं. तोच शब्द नाम म्हणून आला तर जमायचा, क्रियापद म्हणून आला तर अडायचा. आपल्या भाषेत सांगायचं तर पहिली ठेव सापडायची, दुसरं ठेव हरवायचं.

आपल्याकडे हा वाद यास्काच्या 'निरुक्ता'त येऊन गेला आहे. शाकटायन म्हणत, यच्चयावत नामं धातूंपासूनच झाली. गार्ग्य म्हणत, सगळी नव्हे. शाकटायनाची बाजू घ्यायची तर मला मावशीच्या कॉलनीच्या पाटीपेक्षा लांब जायला नको. स्मृ म्हणजे आठवणं. त्याला 'ति' लावली की आठवण्याची क्रिया गोठून वस्तू होते: स्मृति. गम् चं गति, मन् चं मति, कृ चं कृति, आणि झाडून सगळ्या स्त्रीलिंगी. धातू होता तोवर लिंग नव्हतं. नाम होताच लिंग लागलं. पाटीवर तो शब्द हिंदी रिवाजानं ऱ्हस्व 'ति'नं लिहिलाय. मराठीत एकट्याला 'स्मृती' लिहायचं, पण समासात 'स्मृतिदिन' असं ऱ्हस्वच, तेव्हा 'नगर' जोडून लिहिलं तर पाटी मराठीतही शुद्ध ठरेल. आणि हो, स्वतः 'नगर' हिंदीत पुल्लिंगी, मराठीत नपुंसकलिंगी. रोज संध्याकाळी भाजीला निघालेली मावशी त्या पाटीखालून जाते.

निघायच्या दिवशी दुपारी मावशीनं तिखटमीठ लावून कैरी कापली. नात आणि तिचा चार वर्षांचा भाऊ ताटलीवर तुटून पडले. आंबट लागल्यामुळे डोळे मिटलेल्या भावानं जाहीर केलं, "मी कैरी खाल्ला!"

नातीनं बोटं चाटत त्याच्याकडे पाहिलं.

"खाल्ली म्हण," ती म्हणाली. "कैरी मुलगी आहे."

"आणि मग पिकल्यावर?" भावानं विचारलं.